जबाबदारी जिल्ह्याची, अधिकार कोणाचा? : महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांचे प्रशासन, वित्त आणि विद्यार्थी-संपादणूक यांची चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाचा विचार करताना ‘झेडपीची शाळा’ हा शब्दप्रयोग टाळता येत नाही. राज्यातील चौतीस जिल्हा परिषदांच्या अखत्यारीत साठ हजारांहून अधिक शाळा आहेत. वाडी, वस्ती, पाडा आणि तांडा येथपर्यंत पोचलेली दुसरी शिक्षणव्यवस्था राज्यात नाही. भूमिहीन शेतमजूर, ऊसतोड कामगार, अल्पभूधारक शेतकरी आणि आदिवासी कुटुंबांतील मुलांच्या दृष्टीने ही शाळा बहुधा एकमेव पर्याय असते. या शाळांचा दर्जा हा म्हणूनच केवळ प्रशासकीय कार्यक्षमतेचा विषय नसून सामाजिक न्यायाचा विषय ठरतो.

या शाळांविषयीची चर्चा सामान्यतः दोन टोकांना होते. एका बाजूस मुलांना वाचता येत नाही म्हणून शिक्षकास दोषी धरले जाते. दुसऱ्या बाजूस एखाद्या उपक्रमशील शाळेचे उदाहरण देऊन संपूर्ण व्यवस्थेचा गौरव केला जातो. दोन्ही भूमिकांमध्ये एक मूलभूत प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्या संस्थेच्या नावाची पाटी शाळेवर आहे, त्या जिल्हा परिषदेस आपल्या शाळेसंबंधी प्रत्यक्षात कोणते निर्णय घेता येतात? प्रस्तुत लेखात प्रशासन, वित्त आणि संपादणूक या तीन अंगांनी या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. जबाबदारी जिल्ह्याकडे, अधिकार राज्याकडे, योजनांचा पैसा प्रामुख्याने केंद्र व राज्य यांच्या ठरावीक शीर्षांत आणि मोजमाप त्रयस्थांकडे, अशी आजची विभागणी आहे. या विभागणीमुळे न वाचू शकणाऱ्या मुलाविषयी निश्चितपणे उत्तर देणारी एकही संस्था उरत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

स्थानिक संस्थांनी शाळा चालवाव्यात की शासनाने, हा वाद नवा नाही. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेण्यास सुरुवात झाली आणि त्यातील एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षे वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. महसूल रयतेच्या कष्टातून उभा राहतो आणि त्याचा शैक्षणिक लाभ मात्र वरिष्ठ वर्गांस मिळतो, ही विसंगती त्यांनी त्या निवेदनात दाखवून दिली. पैसा कोणाचा आणि शिक्षण कोणाचे, हा प्रश्न महाराष्ट्रात इतका जुना आहे. जे. पी. नाईक यांना मुंबई प्रांतातील या स्थानिक उपकराच्या इतिहासावर स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला, यावरूनही त्याचे महत्त्व लक्षात येते.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपविला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९२९ मध्ये, हार्टोग समितीने स्थानिक संस्थांकडे झालेल्या या हस्तांतरावर टीका केली आणि प्राथमिक शिक्षणातील अपव्यय व स्थगन यांकडे लक्ष वेधले. १९४७ च्या अधिनियमाने जिल्हा शाळा मंडळे कायम ठेवली, परंतु शासनाचे नियंत्रण वाढविले. संयुक्त महाराष्ट्राच्या निर्मितीनंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींच्या आधारे १९६१ चा महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. शाळा मंडळांची जागा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीने घेतली. विदर्भातील जनपद सभांचा आणि मराठवाड्यातील निजामकालीन शासकीय शिक्षणखात्याचा वारसा वेगळा असूनही संपूर्ण राज्यास एकच रचना लागू झाली.

पुढे १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्राथमिक व माध्यमिक शिक्षण हा विषय अकराव्या अनुसूचीत समाविष्ट केला. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने शेजारशाळा, इमारत, शिक्षक आणि प्रवेश यांविषयीची कर्तव्ये ‘स्थानिक प्राधिकरणा’वर ठेवली. कायद्याच्या दृष्टीने पाहता विकेंद्रीकरणाची वाटचाल पूर्ण झालेली दिसते. प्रत्यक्ष कारभाराचा प्रवास मात्र नेमका उलट दिशेने झाला आहे.

प्रशासन : दोन विभागांची एक शाळा

हे स्पष्ट होण्यासाठी अठरा पटसंख्येची, इयत्ता पहिली ते चौथीची एखादी वस्तीशाळा कल्पून पाहावी. या शाळेत किती शिक्षक असावेत हे संचमान्यतेने ठरते. संचमान्यतेचे निकष शालेय शिक्षण विभाग ठरवितो आणि १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ते बदलण्यात आले. शिक्षकाची निवड राज्यस्तरीय अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतून आणि ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीतून होते. त्याच शिक्षकाची बदली मात्र ग्रामविकास विभागाच्या धोरणानुसार, राज्यस्तरीय ऑनलाइन प्रक्रियेतून होते. यासंबंधीचे प्रमुख शासन निर्णय २७ फेब्रुवारी २०१७ आणि ७ एप्रिल २०२१ चे आहेत. प्रशिक्षण जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे असून ती पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या अधीन आहे. समग्र शिक्षा योजनेचा निधी मुंबईतील महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेमार्फत येतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे उरते ते दुरुस्तीची निकड ठरविणे, उपकरातून काही साहित्य घेणे आणि अहवालांचा आढावा घेणे.

या रचनेत गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख ही जिल्ह्याची पर्यवेक्षण यंत्रणा दोन विभागांच्या आदेशांची वाहक बनते. आस्थापनेचा प्रश्न ग्रामविकास विभागाचा आणि गुणवत्तेचा प्रश्न शिक्षण विभागाचा, अशी ही विभागणी आहे. वर्गात मात्र हे दोन प्रश्न वेगळे नसतात. शिक्षक नसणे हाच पहिला गुणवत्तेचा प्रश्न होय.

याचे ठळक उदाहरण शिक्षकभरतीचे आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमानुसार शाळेतील रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नयेत. असे असताना २०१२ मध्ये राज्यातील शिक्षकभरती थांबविण्यात आली. नव्या पद्धतीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी २०२३ च्या आरंभी. एवढ्या काळात निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा भरण्याचा मार्ग जिल्हा परिषदेकडे नव्हता. तरीही त्या जागांविषयी पालकांचे मोर्चे जिल्हा परिषदेच्याच दारात येत राहिले. भरती झाली तेव्हाही २००० साली सुरू झालेली शिक्षणसेवक पद्धत कायम राहिली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन आरंभी दरमहा तीन हजार रुपये होते, नंतर ते सहा हजार झाले आणि २०२३ मध्ये सोळा हजारांवर नेण्यात आले. ज्या पदावर बालकाच्या पहिल्या अक्षरांचा भार आहे, त्याचे मोल व्यवस्थेने कसे केले, हे या आकड्यांतून कळते.

लोकप्रतिनिधित्वाची स्थितीही विचारात घ्यावी लागते. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या प्रश्नामुळे निवडणुका लांबल्या आणि मार्च २०२२ मध्ये पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपून तेथे प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोपर्यंत तीन वर्षे लोटली होती. या तीन वर्षांत मुख्य कार्यकारी अधिकारी हेच प्रशासक होते. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि अंमल करणारा एकच अधिकारी असेल, तर प्रश्न विचारणारा कोण, हा सवाल उरतो. विशेष म्हणजे समूहशाळांचे पत्र, संचमान्यतेचे नवे निकष आणि एकसमान गणवेशाची योजना हे या शाळांवर दूरगामी परिणाम करणारे तीनही निर्णय याच काळातील आहेत. बहुसंख्य जिल्ह्यांत त्यांवर चर्चा करू शकणारी निर्वाचित सर्वसाधारण सभाच अस्तित्वात नव्हती.

वित्त : शीर्षांत बांधलेला पैसा

जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न प्रामुख्याने जमीन महसुलावरील व पाणीपट्टीवरील उपकर, मुद्रांक शुल्कातील वाटा आणि काही किरकोळ बाबींतून येते. ज्या काळात शेतसारा हा शासनाच्या उत्पन्नाचा कणा होता, त्या काळात त्यावरील उपकराला अर्थ होता. आज जमीन महसुलाचे प्रमाणच नगण्य झाल्याने त्यावरील उपकरही नगण्य झाला आहे. या स्वीय उत्पन्नातूनही वीस टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी व दहा टक्के महिला व बालकल्याणासाठी राखावे लागतात. ही तरतूद योग्यच आहे. तथापि शाळेसाठी स्वेच्छेने खर्च करता येईल असा भाग त्यामुळे अत्यल्प उरतो, हेही खरे.

उर्वरित निधी अनुदानांतून येतो. शिक्षणावरील खर्चाचा सर्वांत मोठा हिस्सा वेतनाचा असून तो जिल्हा परिषदेच्या लेख्यांतून केवळ पुढे जातो. २०१८ पासून सर्व शिक्षा अभियान व माध्यमिक शिक्षा अभियान यांचे समग्र शिक्षा योजनेत विलीनीकरण झाले. महाराष्ट्रासाठी केंद्र व राज्य यांचा वाटा साठ आणि चाळीस टक्के असा आहे. या योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. सुधारित निकषांनुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला दहा हजार रुपये, तर शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेस पंचवीस हजार रुपये मिळतात. वर कल्पिलेल्या वस्तीशाळेस वीजबिल, खडू, झाडू, स्वच्छतागृहाची देखभाल आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे दरमहा आठशे-साडेआठशे रुपयांत भागवावे लागते. छप्पर गळण्याचा खर्च पटसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही, हे साधे तथ्य या निकषात विसरले गेले आहे.

अधिनियमाच्या बाविसाव्या कलमाने यावर एक उपाय सुचविलेला होता. शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावा आणि तोच आराखडा शासनाच्या व स्थानिक प्राधिकरणाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार असावा, अशी ही तरतूद आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असेही कायदा सांगतो. आराखडे दरवर्षी तयार होतात, परंतु निधी मात्र वरून ठरलेल्या निकषांनुसारच येतो. आराखड्यात छपराची दुरुस्ती असते आणि हाती येते ते अन्य शीर्षाचे अनुदान. २०२१ नंतर केंद्रपुरस्कृत योजनांसाठी एकल नोडल खात्याची पद्धत आली. शाळेच्या खात्यावर रक्कम शिल्लक न राहता केवळ खर्चाची मर्यादा दाखविली जाऊ लागली. निधी पडून राहू नये हा हेतू रास्त होता. तथापि वर्षअखेरीस मर्यादा मिळाली आणि काम पावसाळ्यापूर्वीचे असेल, तर ती मर्यादा कागदावरच राहते.

गणवेशाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. समग्र शिक्षा योजनेतून प्रत्येक पात्र विद्यार्थ्यामागे दोन गणवेशांसाठी सहाशे रुपये मिळतात आणि पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती स्थानिक पातळीवर गणवेश घेत असे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यभर एकसमान गणवेशाची योजना मध्यवर्ती पद्धतीने राबविण्यात आली. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या, परंतु अनेक ठिकाणी गणवेश वेळेवर पोचले नाहीत. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने गणवेशखरेदीचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. गावातील पालक जे काम करीत होते ते मंत्रालयाने हाती घेतले आणि एका वर्षाच्या आतच परत केले. मधल्या काळात गणवेशाविना राहिलेल्या मुलांना उत्तर देण्याचा प्रसंग मात्र मुख्याध्यापकावर आला.

संपादणूक : मोजमाप कोणाचे, उत्तर कोणाचे?

विद्यार्थ्यांच्या संपादणुकीची मोजणी आज अनेक मार्गांनी होते. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण घरोघरी जाऊन मूलभूत वाचन व गणित तपासते. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण शाळांमधून इयत्तानिहाय क्षमता तपासते. ते नोव्हेंबर २०१७ आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले, तर ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण डिसेंबर २०२४ मध्ये झाले. ‘असर’च्या देशपातळीवरील निष्कर्षांनुसार ग्रामीण भागात दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचू शकणारी पाचवीची मुले २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्के झाले. प्राथमिक शाळेत पाच वर्षे घालविलेल्या मुलांपैकी निम्म्यांना साधा उतारा वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

याउलट कामगिरी प्रतवारी निर्देशांकाचे चित्र पाहावे. २०२०-२१ च्या निर्देशांकात महाराष्ट्राने एक हजारपैकी ९२८ गुण मिळवून केरळ व पंजाब यांच्यासह देशात अग्रस्थान मिळविले. हे वर्ष कोरोना साथीचे होते. राज्यातील ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे हे शैक्षणिक वर्ष संपून गेल्यानंतर, प्रत्यक्ष सुरू झाले. शिवाय २०१७ नंतर पुढचे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण थेट नोव्हेंबर २०२१ मध्ये झाले. त्यामुळे ९२८ गुणांचा त्या वर्षी मुले नव्याने काय शिकली याच्याशी संबंध असणे शक्य नव्हते. २०२१-२२ साठी निर्देशांकाची रचना बदलली आणि महाराष्ट्र ५८१ ते ६४० गुणांच्या गटात गेला. शाळा त्याच, शिक्षक तेच आणि मुलेही बहुतांशी तीच होती. बदलली ती मोजपट्टी.

जिल्ह्यांसाठी स्वतंत्र निर्देशांकही तयार करण्यात आला असून त्यात सहाशे गुण आहेत. पैकी २९० गुण फलनिष्पत्तीला, ९० वर्गातील अध्यापनाला आणि ८४ प्रशासकीय प्रक्रियेला आहेत. वरवर पाहता हाच जिल्हा परिषदेच्या कारभाराचा आरसा वाटतो. परंतु येथे ‘जिल्हा’ म्हणजे त्या भौगोलिक क्षेत्रातील सर्व शाळा, त्यात नगरपालिकांच्या, अनुदानित व विनाअनुदानित खाजगी शाळाही आल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांचे वेगळे चित्र त्यातून हाती येत नाही. ‘असर’ची नमुनानिवडही जिल्ह्यात तीस गावे आणि प्रत्येकी वीस घरे अशी असल्याने एखाद्या तालुक्याविषयी वा केंद्राविषयी ती काही सांगू शकत नाही. विस्तार अधिकाऱ्यास आपल्या बीटमधील कोणत्या शाळेस मदतीची गरज आहे, हे या कोणत्याही मोजमापातून कळत नाही.

स्थानिक पातळीवर मोजणी आणि उपाय एकत्र आले तेव्हा काय घडू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये ज्ञानरचनावादी पद्धतीने जे काम झाले ते पाहण्यास राज्यभरातून शिक्षक गेले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयामागे अशा प्रयोगांची प्रेरणा होती. कुमठ्याचे सामर्थ्य एका लहान क्षेत्रातील पर्यवेक्षक व शिक्षक यांच्या परस्परविश्वासात होते. शासन निर्णयाने पद्धत सर्वत्र नेली. तो विश्वास आणि ती स्वायत्तता नेता आली नाही. परिणामी फरशीवर रेखाटलेल्या आकृत्या आणि ‘प्रगत’ शाळांच्या याद्या हेच अनेक ठिकाणी कार्यक्रमाचे दृश्य रूप ठरले.

समूहशाळा : एका संकल्पनेचा विपर्यास

प्रशासन, वित्त आणि संपादणूक यांचे धागे कमी पटाच्या शाळांच्या प्रश्नात एकत्र येतात. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. अशा शाळांची संख्या चौदा हजार सातशेहून अधिक होती. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत ही आदर्श उदाहरणे म्हणून पुढे ठेवण्यात आली.

‘शाळासमूह’ ही संकल्पना कोठारी आयोगाची (१९६४-६६) आहे आणि जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि अनुभवी शिक्षकांचे मार्गदर्शन यांत भागीदार व्हावे, असा तिचा आशय होता. महाराष्ट्रातील केंद्रशाळा हे त्याच विचाराचे एक रूप होय. त्यात लहान शाळा टिकविण्यासाठी मोठी शाळा होती. २०२३ च्या प्रस्तावात मोठ्या शाळेसाठी लहान शाळा जाते. ओढा, घाट वा जंगल ओलांडून सहा वर्षांची मुलगी रोज बसने जाईल, या गृहीतकावर हा प्रस्ताव उभा आहे. बस न आल्याच्या दिवशी तिच्या अनुपस्थितीची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर त्यात नाही.

आक्षेपांचा विचार

केंद्रीकरणाची बाजूही न्याय्य रीतीने मांडली पाहिजे. नेमणुका व बदल्या जिल्हा पातळीवर होत असताना वशिला आणि आर्थिक व्यवहार यांच्या तक्रारी सार्वत्रिक होत्या. ऑनलाइन बदल्यांमुळे राजकीय पाठबळ नसलेल्या शिक्षकांना, विशेषतः महिला व दिव्यांग शिक्षकांना दिलासा मिळाला, हे नाकारता येणार नाही. हार्टोग समितीची टीकाही निराधार नव्हती. शिवाय गडचिरोली वा नंदुरबारसारख्या जिल्ह्यांना स्वतःच्या उत्पन्नावर शाळा चालविण्यास सांगणे म्हणजे विषमता पक्की करणे होय.

परंतु या आक्षेपांतून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. नियम राज्याने करावेत आणि त्यांचा अंमल जिल्ह्याने याद्या जाहीर करून करावा, हे पारदर्शकतेशी विसंगत नाही. निधी राज्याने व केंद्राने द्यावा, दुर्बळ जिल्ह्यांस अधिक द्यावा, मात्र त्याचा काही भाग शीर्षमुक्त असावा. एका पातळीवर गैरव्यवहार होतात म्हणून निर्णय वरच्या पातळीवर नेल्यास गैरव्यवहाराची संधी कदाचित घटते. त्याचबरोबर निर्णयाविषयी जाब विचारण्याची पालकांची संधीही संपते.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, शिक्षकांची आस्थापना व शैक्षणिक गुणवत्ता यांवरील दोन विभागांचे दुहेरी नियंत्रण जिल्हा पातळीवर एकत्र आणले पाहिजे. दुसरा, शाळा विकास आराखडा हा अनुदानाचा खरा आधार व्हावा आणि लहान शाळांसाठी पटनिरपेक्ष किमान अनुदान असावे. तिसरा, प्रत्येक जिल्हा परिषदेने दरवर्षी एकाच पत्रकात शाळानिहाय रिक्त पदे, प्राप्त निधी व तो मिळाल्याची तारीख आणि तिसरीच्या मुलांचे वाचन ही माहिती सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. या तीन रकान्यांचा परस्परसंबंध आज कोणत्याही दस्तऐवजात दिसत नाही. चौथा, ही सभा निर्वाचित आणि वेळेवर निवडलेली असली पाहिजे.

पालकांनी खाजगी शाळेकडे वळणे हा एक कौल आहे, पण तो ज्यांना परवडतो त्यांचाच. ज्यांना तो परवडत नाही त्यांच्यासाठी ग्रामसभा, शाळा व्यवस्थापन समिती आणि जिल्हा परिषद हीच दाद मागण्याची ठिकाणे आहेत. तेथे बसलेल्या व्यक्तीने ‘हे आमच्या हातात नाही’ असे सांगावे आणि ते खरे असावे, ही या व्यवस्थेची सर्वांत गंभीर उणीव होय. फुल्यांनी १८८२ मध्ये मागितलेले शिक्षण कायद्याने दिले आहे. त्याविषयी उत्तरदायी असणारी संस्था अद्याप घडवावयाची आहे.